रायरांचा फिरता विठोबा

"मिरजकरीण, जरा बाजूला हो. त्याला दिसत नाही."

रायर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मे महिना संपत आलेला, कावेरीत पाण्याचा टिपूस नाही. पात्र म्हणजे नुसती पांढरी वाळू. त्या वाळूत बायका हाताने झिरे उकरत आणि वाटीवाटीने कळशी भरत. मीही सकाळी कळशी घेऊन उतरले, तर पात्राच्या मधोमध आमचे घरमालक उकिडवे बसलेले. पन्नाशी उलटलेले, उघडेबंब, कमरेला पंचा. समोर भुईरिंगणीचं काटेरी झुडूप आणि त्याच्यापुढे पसरलेला तळहात.

मला वाटलं, काही हरवलं असेल. मी वाकून बघायला गेले आणि माझी सावली फुलावर पडली. तेव्हा ते वरचं वाक्य आलं. बघते तर तळहातावर अंगठ्याएवढा पंचधातूचा विठोबा, कमरेवर हात ठेवून, भुईरिंगणीच्या जांभळ्या फुलाकडे तोंड करून उभा. मी बाजूला झाले. मनात म्हटलं, झालं! आईबापांना सोडून हजार कोस आले आणि घर मिळालं ते वेड्याचं.

माझे यजमान मिरजेच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे होते. कुंभकोणमला पितळ चांगलं होतं, म्हणून माल पारखून पाठवायला यांना तिथे ठेवलेलं. चार उन्हाळे आम्ही तिथे काढले. तिकडच्या मराठी माणसाला तमिळ मंडळी 'रायर' म्हणतात, आपल्याकडच्या 'राव'सारखं. गल्लीत रायर पुष्कळ होते, पण नुसतं 'रायर' म्हटलं की आमचेच. त्यांची मंडळी म्हणजे मामी. दोघांची मराठी ऐकून पहिले पंधरा दिवस मला हसू आवरेना. 'का' म्हणायचं तर 'कसाला', 'सगळे' म्हणजे 'अस्के', छान असेल ते 'बेस', आणि वर तमिळ हेल. एक दिवस मामींनीच मला विचारलं, "तुमच्याकडे नीट मराठी कोणी शिकवत नाहीत काय ग?" त्यानंतर मी हसायची बंद झाले.

रायरांचं कॉफीचं दुकान होतं. बी भाजायचं, दळायचं, विकायचं. गिऱ्हाईक घाईत असलं की ते पूड देत नसत. "घाई आहे? मग चहा पी," असं तोंडावर सांगत. त्यांच्या अंगाला, पंचाला, घामालासुद्धा भाजल्या कॉफीचा वास. विठोबा तर त्यांच्या कनवटीलाच असायचा, त्यामुळे त्यालाही तोच वास. मामी रोज सकाळी त्याला दुधाने न्हाऊ घालत आणि कुरकुरत, "अभिषेक कसला, मी रोज देव्हाऱ्यात कॉफी करते." पूजा आटोपली रे आटोपली की रायर देव उचलून कनवटीला लावणार आणि नदीची वाट धरणार. दुकान उघडायचं ते ऊन तापल्यावर.

मी एकदा विचारलंच, "रायर, लोक फुलं तोडून देवाला आणतात. तुमचं हे उलटं कसं?"

"फूल तोडून घरी नेईपर्यंत मरतं. मेलेलं फूल त्याला कसाला?" ते म्हणाले. "तोच येतो की फुलाकडे. उभ्या उभ्या पाय अवघडत नाहीत काय त्याचे?"

"पण चालता तुम्ही. तो कनवटीला बसून येतो."

"मग? माझे पाय कोणी दिले?"



मी हळूहळू त्यांच्याबरोबर हिंडायला लागले. यजमान पहाटेच स्वामीमलैच्या बसने ओतकामाच्या भट्ट्यांकडे जात, मला घरात करमायचं नाही. त्या फिरण्याचे रायरांचे नियम होते. चप्पल नाही. मोठ्याने हसायचं नाही, आणि मला तर फिदीफिदी हसायची सवय. मुख्य म्हणजे कशाकडेही बोट दाखवायचं नाही. "बोट दाखवलं की पाखरू अवघडतं. तुझ्याकडे कोणी दाखवलं तर?" दाखवायचं ते हनुवटीने. इतकी वर्षं झाली, मंडईत मी अजून वांग्यांकडे हनुवटी करते आणि भाजीवाला विचारतो, "आजी, मान धरली काय?"

उन्हाळ्याच्या शेवटी, वरच्या धरणातून नदीत पाणी सुटायच्या आधी, त्या कोरड्या पात्रात काय काय असतं हे सांगितलं तर खोटं वाटेल. मी ती नदी नुसती वाळू समजत होते. वाळूला चिकटून सराट्याची पिवळी फुलं, सकाळी उघडी आणि ऊन चढलं की मिटलेली. उन्हाळीची गुलाबी-जांभळी तुरेदार झुडपं. विष्णुक्रांतेचं निळं फूल तर एवढंसं, की रायर त्यासाठी वाळूवर पालथे पडत आणि विठोबाला नाकापुढे धरत. काठाच्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळं. एक मुंगूस रोज एका ठरावीक रुईखालून जायचं आणि रायर त्याला "या" म्हणायचे. फुलाफुलापाशी थांबायचं, देव काढायचा, त्याला दाखवायचं, परत कनवटीला. घाटापासून पलीकडच्या केवड्यापर्यंत जायला इतरांना जितका वेळ लागे, तेवढ्यात आम्ही सराटाच ओलांडत असू.

मामी कधीच आल्या नाहीत. "नदी काय बघायची? ती कळशीतून घरी येते," हे त्यांचं म्हणणं. लग्न होऊन आल्यापासून त्या चुलीपुढे आणि रायर वाळूत. दोघांत भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. रायर जेवताना पानावर बोटाने पाखराचे पाय काढून दाखवायचे आणि मामी त्यावरच सांबार वाढायच्या.

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात टिटवीने घोटाळा केला. तिने अंडी घातली ती नेमकी गाडीवाटेत. पाणी सुटायच्या आधी वाळू भरून न्यायची म्हणून बैलगाड्यांची नुसती रीघ लागलेली, आणि बाईसाहेबांनी दोन चाकोऱ्यांच्या मधे चार खडे गोळा करून चार अंडी मांडलेली. अंडीसुद्धा खड्यांसारखीच, ठिपक्याठिपक्यांची. रायरांनी हनुवटीने दाखवली तरी मला दिसली नाहीत.

"पाणी यायच्या आधी फुटतील ती," रायर म्हणाले. "पण गाडीच्या आधी?"

त्यांनी भोवती दगड लावले. गाडीवाल्यांनी काढून फेकले. रायर गाड्यांपुढे हात जोडून उभे राहिले, तेव्हा एक गाडीवान म्हणाला, "सामी, तिला अख्खी नदी मोकळी आहे. मला मात्र हीच एक वाट." बरोबरच होतं त्याचंही. त्या दिवशी रायर जेवले नाहीत. मामींनी मला विचारलं, "ग, दुकानात काही झालं काय?" मी म्हटलं, टिटवीला दिवस गेलेत. मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी रायर उजाडताच नदीवर गेले आणि कनवटीचा विठोबा काढून अंड्यांपासून हातभर अंतरावर एका विटेवर उभा केला. मला म्हणाले, "माझं कोणी ऐकत नाहीत. याचं ऐकतील." मामींना सांगितलं, देवाची बैठक हलते, स्वामीमलैला डाग द्यायला दिलाय.

गाड्या लगेच वळसा घालून जायला लागल्या. रायर खूश! पण जन्म त्या गावात गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? कुंभकोणमला वळणावळणावर देऊळ. तिथे देव एकटा सोडला तर त्याला कोणी एकटा राहू देईल का? संध्याकाळपर्यंत विटेवर कुंकू आलं. दुसऱ्या दिवशी कापूर, नारळ. तिसऱ्या दिवशी एका बाईने तिथेच तीन दगडांची चूल मांडून पोंगल शिजवलं. वाळूतून देव वर आला, ही बातमी तिरुविडैमरुदूरपर्यंत गेली आणि लोक बसने यायला लागले. घंटा काय, भजन काय! आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून घसा फोडतेय. तमिळमध्ये तिला 'आळ्काट्टी' म्हणतात, माणसाची चहाडी करणारी. लोक म्हणायचे, बघा, पाखरूसुद्धा देवाची वर्दी देतंय! आणि इकडे तिची अंडी उन्हात उघडी, वाळू पाय ठेवू नये इतकी तापलेली.

रायरांचे डोळे भरून आले होते. देव उचलावा तर गाड्या येणार, ठेवावा तर भक्त. मी म्हटलं, "आता?"

त्यांनी नाक पुसलं, पंचा झटकला आणि गर्दीत शिरले. वाळूत काठीने एक भलंमोठं रिंगण ओढलं आणि खणखणीत तमिळमध्ये जाहीर केलं, "हा देव लांबून बघायचा. रेघेच्या आत पाय नाही. घंटा नाही, कापूर नाही, बोलणं नाही. नैवेद्य घाटावर." लोकांनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? "यानेच," रायर म्हणाले. आणि काय सांगू, अस्के लोक मुकाट मागे सरले! गाडीवानाला पाखराची दया आली नाही, पण देवाचा नियम म्हटल्यावर कोणाची छाती? रायर ताडाची छत्री घेऊन रेघेवर बसले, तेही देवाकडे पाठ करून, कारण कोणी बघत असलं की टिटवी अंड्यांवर बसत नाही. पुजारी देवाला पाठ दाखवतो, हे केवढं कडक व्रत असेल म्हणून लोकांचे हात आणखीच जुळायला लागले. दुकान बंद. गल्लीत कॉफीची बोंबाबोंब. आमच्या शेजारणीचे यजमान रोज देवाला लांबून नमस्कार करत आणि हळूच विचारत, "रायर, थोडी पूड तरी?"

आणि मग एके सकाळी गल्लीतल्या बायकांबरोबर मामी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नदीवर. रायरांनी छत्री तोंडावर ओढून घेतली. मामी रेघेवर उभ्या राहिल्या, कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ बघत राहिल्या. सासूने लग्नात ओंजळीत घातलेला देव, रोज दुधाने धुतलेला. त्याचा कोपर कुठे झिजलाय हेसुद्धा त्यांना पाठ. मी जीव मुठीत धरून उभी.

"देव बेस आहे," मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "पुजारी मात्र कुठे तरी पाहिल्यासारखा वाटतो."

एवढं बोलून वळल्या आणि गेल्या. चारचौघांत नवऱ्याची अब्रू राखली बाईने! घरी मात्र रायरांचं पान मांडलं आणि उभ्याने सांगितलं, "मेट्टूरचं धरण सोडलं म्हणतात. माझा देव घरी आणा."

"अंडी आतून टोचतायत ग. उद्या, नाहीतर परवा."

"पाखरं दर वर्षी अंडी घालतात. मज हा एकच देव आहे."

रायर नुसता भात कालवत राहिले. मलाही कोणाची बाजू घ्यावी कळेना.

पाणी आलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी. सगळं गाव घाटावर, बायका हळदकुंकू घेऊन. मी आणि मामी शेजारी उभ्या. कावेरी येते ती लोंढ्यासारखी नव्हे. फेसाची एक कड वाळूवरून सरपटत येते. पुढे काटक्या, पाला ढकलत, खळगा दिसला की थबकत, भरला की पुढे. माणूस तिच्यापुढे सहज चालत येऊ शकतो. फक्त निघायला पाहिजे. आणि रायर निघत नव्हते. ते लांब पात्रात ओणवे बसलेले दिसत होते, डोक्यावर टिटवी झडपा घालतेय.

"तीन फुटली असतील," मी म्हटलं. "चौथ्यासाठी थांबलेत."

"यांचं डोकं फुटो," मामी म्हणाल्या आणि माझा दंड इतका घट्ट धरला की मागून वळ उठले. फेस रायरांच्या पायाला लागला. घोट्यापर्यंत आला. लोक ओरडायला लागले. मामींनी तर आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला चारचौघांत हाक मारली, "अहोऽ या होऽ!"

तेव्हा कुठे ते उठले. दोन्ही हातांनी पंचाची झोळी छातीशी धरून, गुडघाभर पाण्यातून धडपडत आले आणि घाटाच्या पायरीवर बसकण मारली. झोळीत चार पिल्लं. कापसाचे गोळे आणि खाली काड्यांएवढे पाय. चौथं अजून ओलं. मी तर आनंदाने ओरडलेच, नियमबियम विसरून.

"आणि तो?" मामींनी विचारलं.

रायरांनी मागे बघितलं. वीट, देव, रिंगण, काहीच नव्हतं. सगळीकडे मातकट पाणी. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"हात दोनच होते ग," ते म्हणाले.

मामी तिथेच पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पिल्लं उन्हात नक्को. यांची आई बोंबलतेय तिकडे नेऊन सोडा." काठापलीकडच्या शेताच्या बांधावर आम्ही ती सोडली. आईने आम्हाला शिव्या घालत घालत ताब्यात घेतली.

पुढचे कित्येक दिवस मामी नवऱ्याशी माझ्यामार्फत बोलत. तेही आम्ही तिघं एकत्र बसलेलो असतानाच, "मिरजकरीण, त्यांना सांग, भात वाढलाय." रायरही मलाच सांगत, "तिला सांग, भूक नाही." मला तर वात आला. देव्हाऱ्यात विठोबाची जागा मोकळी ठेवून मामी तिथे दिवा लावत. गल्लीतल्या कोणी नवा देव घ्या म्हटलं तर म्हणत, "घरचा माणूस गावाला गेला म्हणून दुसरा आणतात काय?"

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली. एका सकाळी रायर निघाले, तर मामी ओचा खोचून दारात उभ्या. "चला. देव शोधायला."

पहिले काही दिवस मजाच होती. रायर पावलापावलावर फुलापाशी थांबायचे आणि मामी मागून ढकलायच्या, "देव वाळूत आहे, झुडपात कसाला बघता?" पण वाळू बघत चालायचं म्हटलं की सराटा दिसतोच. पायाला रुततो तेव्हा तर हमखास. मग एक दिवस मामीच वाकल्या. "हे काल नव्हतं." दुसऱ्या दिवशी, "ग, ही निळी फुलं उन्हाने मिटतात काय?" रायर हरखले. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. टिटवीची अंडी तर मामींना माझ्या आधी दिसली. डाळ-तांदूळ निवडलेले डोळे ते. मग गल्लीतल्या बायका आल्या, कॉफीवाले गिऱ्हाईक आले. अख्खी गल्ली सकाळी अनवाणी पात्रात, हनुवट्या उडवत, देव शोधतेय आणि वेडे राघू बघतेय. जेवताना आता मामी पानावर पाखराचे पाय काढायच्या आणि सांबार वाढायचं राहून जायचं.

देव मला सापडला. चौथा उन्हाळा, यजमानांना मिरजेला परत बोलावलेलं, आमचं सामान बांधून झालेलं. मी झिरा उकरत होते तर बोटाला काही टणक लागलं. बाहेर काढला तो विठोबाच! काळा पडलेला, पण कमरेवरचे हात तसेच. मी पदराखाली झाकून धावत घरी आले. मामी एकट्याच होत्या. त्यांनी तो दोन्ही डोळ्यांना लावला, पुन्हा पुन्हा लावला. कोपर चाचपून बघितला. मी म्हटलं, "थांबा, रायरांना बोलावते!"

"नक्को," मामींनी माझा पदर धरला. इतक्या लाजल्या की लग्नातल्या नवरीसारख्या. "सापडला म्हटलं तर उद्यापासून मी कशाला जायची ग नदीवर? उद्यापासून पुन्हा ते तिकडे आणि मी इकडे." आणि देव कनवटीला खोचून वरून पदर सारखा केला. "इथेच राहील. हिंडेल आमच्याबरोबर. तू बोलू नक्को, तुज शपथ आहे माझी."

दुसऱ्या दिवशी आमची गाडी दुपारची होती. सकाळी शेवटचं म्हणून मी त्या दोघांबरोबर नदीवर गेले. मामी इमानेइतबारे वाळू चाळवत चालल्या होत्या. "इथे बघू काय हो? तिथे असेल?" मला हसू दाबता दाबता पुरेवाट. रायर पुढे, त्याच त्या भुईरिंगणीपाशी जाऊन बसले. ताजी फुलं आली होती. मामी मागे, जरा आडोशाला उभ्या.

रायरांनी मान न वळवता हात मागे करून त्यांना बोलावलं.

"पुढे ये ग जराशी," ते म्हणाले. "त्याला दिसत नाही."